अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख : राजीनाम्याची भाषा

२५ जुलै १९५६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी अर्थमंत्रिपदाच्या राजीनाम्याविषयी लोकसभेत निवेदन केले. ज्या प्रश्नावरून हा राजीनामा दिला गेला तो मराठी भाषिकांच्या राज्याचा आणि त्या राज्यातील मुंबईच्या स्थानाचा होता. निवेदन मात्र इंग्रजीत होते, आणि त्यातील युक्तिवादाचा कणा भाषेविषयीचा नव्हता. मंत्रिमंडळाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय कोणता आणि मंत्रिमंडळाच्या नावाने परस्पर जाहीर झालेला निर्णय कोणता, हा भेद संसदेपुढे मांडणे हे त्या निवेदनाचे मुख्य प्रयोजन होते.

महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत हा प्रसंग निराळ्या रूपाने टिकून राहिला आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी केंद्रातील अर्थखात्यावर पाणी सोडणारा मराठी माणूस, ही त्यांची प्रतिमा तीन पिढ्यांनी जपली. ती खोटी नाही. पण ती अपुरी आहे. देशमुखांच्या राजीनाम्यात भाषिक अस्मिता आणि राज्यकारभाराची शिस्त या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या, आणि त्यांपैकी दुसरी वगळून पहिलीचा अर्थ लागत नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकातील मंत्री म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हा गुंता सोडविणे अगत्याचे ठरते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला तर त्यात अधिकच रस वाटावा. कारण देशमुख हे संस्कृतात श्लोकरचना करणारे, मराठीत कालिदासाचा अनुवाद करणारे आणि इंग्रजीत आत्मचरित्र लिहिणारे गृहस्थ होते.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील नाते या गावी झाला. रोहे हे घराण्याचे गाव. १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. या यशाने प्रभावित होऊन राम गणेश गडकरी यांनी त्यांच्यावर कविता रचली. परीक्षेचा निकाल हा कवितेचा विषय होऊ शकत होता, यावरून त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाच्या मनात विद्येला कोणते स्थान होते हे ध्यानी येते. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले. १९१८ च्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेतही ते पहिलेच आले. अर्थशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय नव्हता, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता गमतीची वाटते.

सनदी नोकरीची जवळजवळ दोन दशके त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात काढली. रायपूरकडील जमाबंदीचे काम, मग प्रांताचे महसूल व अर्थ या खात्यांची सचिवपदे, मधल्या काळात १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कचेरीतील जबाबदारी, असा तो प्रवास आहे. या प्रांताचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविले पाहिजे. तो हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. भाषेच्या सीमा आणि कारभाराच्या सीमा एकमेकींना कशा छेदून जातात याचा अनुभव देशमुखांनी १९५६ मध्ये प्रथम घेतला असे नव्हे. त्यांचे अधिकारी म्हणून आयुष्यच अशा एका द्विभाषिक प्रांतात घडले होते. ज्या विदर्भाचे पुढे राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र राज्य सुचविले, तो याच प्रांताचा मराठी भाग होय.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये उपगव्हर्नर झाले, आणि सर जेम्स टेलर यांच्या मृत्यूनंतर ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नरपदी त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या चलनविषयक परिषदेला ते भारताच्या शिष्टमंडळातून गेले. सर जेरेमी रेझमन हे शिष्टमंडळाचे नेते होते. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे इतर सदस्यांपैकी होत. देश परतंत्र असतानाही या शिष्टमंडळाने दोन प्रश्न आग्रहाने पुढे मांडले : युद्धकाळात इंग्लंडकडे साठलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकांचा, आणि नव्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाला स्थान देण्याचा. दोन्ही बाबतींत तेव्हा फारसे यश आले नाही. तरीही स्वातंत्र्यानंतरच्या अर्थनीतीचे बरेचसे शब्द तेथे प्रथम उच्चारले गेले असे म्हणता येईल.

फाळणीने बँकेपुढे एक विलक्षण जबाबदारी आणून ठेवली. काही काळ दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच राहावी असे ठरले होते. प्रत्यक्षात ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचेही चलन सांभाळीत होती. त्याच काळात, जानेवारी १९४८ मध्ये, पाकिस्तानला द्यावयाच्या ५५ कोटी रुपयांचा वाद पेटला. एका बाजूला राष्ट्राच्या भावना आणि दुसऱ्या बाजूला लिखित करार, अशा पेचात एखाद्या संस्थेने कसे वागावे याचा धडा या काळात गव्हर्नरला रोज गिरवावा लागत असणार. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी देशमुखांची गव्हर्नरपदाची मुदत संपली.

त्यांना मंत्रिपद मिळाले तेही एका राजीनाम्यामुळे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. अर्थमंत्री जॉन मथाई यांनी १९५० मध्ये पद सोडले त्याला जी कारणे होती, त्यांत नव्याने स्थापन झालेले नियोजन मंडळ हे एक प्रमुख होते. मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे सत्ताकेंद्र त्यामुळे निर्माण होईल, अशी मथाईंची धास्ती होती. देशमुख त्या वेळी नेमके या नियोजन मंडळाचे सदस्य होते. मथाईंच्या जागी ते अर्थमंत्री झाले आणि नियोजन मंडळ व अर्थखाते यांची सांगड त्यांच्या एका व्यक्तीत घातली गेली. मंत्रिमंडळाबाहेर निर्णय होऊ लागतील, ही पूर्वाधिकाऱ्याची तक्रार सहा वर्षांनी उत्तराधिकाऱ्याच्या तोंडून, वेगळ्या संदर्भात का होईना, पुन्हा ऐकू आली.

नेहरूंच्या मंत्रिमंडळात बहुसंख्य मंत्री चळवळीतून आलेले, तुरुंग पाहिलेले. देशमुखांच्या नावामागे मात्र १९४४ पासून 'सर' ही पदवी होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या उमेदवारीवर कुलाबा मतदारसंघातून निवडून आले खरे, परंतु पक्षाच्या अंतर्गत जीवनात त्यांना मूळ असे नव्हते. षण्मुखम चेट्टी, मथाई आणि देशमुख, स्वतंत्र भारताचे हे पहिले तिन्ही प्रमुख अर्थमंत्री अशा बाहेरच्या वर्गातले होते. पक्षाला ज्ञान हवे होते आणि ज्ञान पक्षाजवळ नव्हते; तेव्हा ते बाहेरून आणले गेले. अशा मंत्र्याची शक्ती त्याच्या खात्यावरील प्रभुत्वात असते. त्याचे दौर्बल्यही उघड असते : जे निर्णय खात्यात न होता पक्षाच्या बैठकीत होतात, तेथे त्याला आवाज नसतो.

सहा वर्षांच्या अर्थमंत्रिपदाचा हिशेब थोडक्यात मांडणे अवघड आहे. पहिली पंचवार्षिक योजना (१९५१–५६) सुमारे दोन हजार कोटी रुपयांची होती. दुसरीत सार्वजनिक क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटींवर गेला आणि त्यातील १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्याने उभे करावयाचे होते. ही उडी केवढी मोठी होती हे देशमुखांना कळत नव्हते असे नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे ते १९४५ पासून अध्यक्ष होते आणि संख्याशास्त्राच्या आधारे नियोजन करण्याच्या कल्पनेला त्यांचा पाठिंबा होता. दुसऱ्या योजनेचा विचार करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांचे जे मंडळ नेमले गेले त्याचे अध्यक्षही तेच. याच मंडळात बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये आपली प्रसिद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. एवढ्या प्रमाणावरील तुटीचा अर्थभरणा चलनफुगवट्याला आमंत्रण देईल, असा तिचा आशय होता. आज शेणॉय यांचे एकाकी मत अनेकांना द्रष्टेपणाचे वाटते. तो निवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे : अर्थमंत्र्याच्या अध्यक्षतेखालील मंडळात ते मत लिखित स्वरूपात नोंदले गेले.

संस्थांच्या घडणीत मात्र त्यांची छाप अधिक स्पष्ट दिसते. ए. डी. गोरवाला यांच्या समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करून इम्पीरियल बँकेचे रूपांतर सरकारी बँकेत करण्याची शिफारस केली, आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. मृत्युकराचा कायदा १९५३ चा. दशमान नाणेपद्धतीचा कायदा १९५५ मध्ये मंजूर झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा मात्र देशमुख मंत्री नव्हते. आणे–पैंची भाषा लोकांच्या जिभेवरून जायला पुढे कित्येक वर्षे लागली, आणि 'सोळा आणे' हा वाक्प्रचार तर अद्यापही गेलेला नाही.

आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिची तारीख बोलकी आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून तो देशाला समजावून सांगितला. १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. बातमी आधी फुटली असती तर कंपन्यांच्या निधींत गडबड होण्याची भीती होती. म्हणून सारी तयारी कमालीच्या गुप्ततेने झाली. या व्यवसायाचे मोठे केंद्र मुंबई होते. आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता.

या गोळीबाराची पार्श्वभूमी महाराष्ट्राबाहेरील वाचकासाठी सांगणे आवश्यक आहे. काँग्रेसने १९२० पासून आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या पायावर उभारल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर मात्र नेतृत्वाचा कल बदलला. पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणांतिक उपोषणानंतर १९५३ मध्ये आंध्र राज्य निर्माण झाले आणि पाठोपाठ राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस आयोगाने आपला अहवाल सादर केला. कन्नड, मलयाळम आणि तेलुगू भाषिकांच्या मागण्या त्यात बव्हंशी मान्य झाल्या. मराठी आणि गुजराती भाषिकांच्या वाट्याला मात्र विदर्भ वगळून केलेले द्विभाषिक मुंबई राज्य आले. संपूर्ण देशाला लावलेले तत्त्व येथेच का थबकते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत होते : मुंबई. शहर मराठी मुलखात होते, त्यातील भांडवल मुख्यत्वे इतरांचे होते, आणि ते कोणत्या राज्यात जावे हा प्रश्न भाषेचा राहिला नव्हता.

त्यानंतरच्या चार महिन्यांत प्रस्ताव बदलत गेले. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांची योजना पुढे केली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित राहील असे जाहीर केले. शहरात दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण शंभराहून अधिक माणसे मरण पावली. फ्लोरा फाउंटनच्या चौकाला नंतर हुतात्मा चौक हे नाव मिळाले ते त्यांच्या स्मरणार्थ. देशमुखांनी आपला राजीनामा प्रथम देऊ केला तो याच जानेवारीत. विम्याच्या राष्ट्रीयीकरणासारखा मोठा निर्णय अमलात आणीत असतानाच अर्थमंत्री सरकारमधून बाहेर पडण्याचा विचार करीत होता. त्यांना थांबविण्यात आले. फेब्रुवारीअखेरचे अंदाजपत्रकही त्यांनीच मांडले.

३ जून १९५६ रोजी मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस कमिटीच्या बैठकीत नेहरूंनी घोषणा केली की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या अमलाखाली राहील आणि मग तिच्या रहिवाशांना आपला निर्णय घेता येईल. देशमुखांच्या दृष्टीने ही घोषणा निर्णायक ठरली. जुलैमध्ये राजीनामा मंजूर झाला आणि त्यांनी सभागृहात आपली बाजू मांडली.

त्या निवेदनाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. त्यात मराठी भाषेचा गौरव नाही, शिवकालाचे स्मरण नाही, सह्याद्री नाही. ज्या वेळी शिवाजी पार्कच्या सभांतून आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून मराठी वक्तृत्वाला उधाण आले होते, त्याच वेळी दिल्लीत हा मराठी मंत्री टिपणांच्या आणि तारखांच्या भाषेत बोलत होता. मुंबईसंबंधीची घोषणा करण्यापूर्वी तो प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे रीतसर आला नाही आणि मंत्र्यांमध्ये फिरविलाही गेला नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. असे निर्णय मंत्रिमंडळाच्या नावाने परस्पर जाहीर करण्याचे हे एकमेव उदाहरण नाही, हा दुसरा. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा तिसरा. आणि या सर्वांतून महाराष्ट्राविषयीचा आकस व्यक्त होतो, हा चौथा. शेवटचा आरोप सोडला तर उरलेले तिन्ही आक्षेप महाराष्ट्राशी संबंध नसलेल्या मंत्र्यालाही शब्दशः करता आले असते.

नेहरूंनी हा आरोप मानला नाही. सरकारचे धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतोच, अशी त्यांची भूमिका होती. येथे केवळ दोन व्यक्तींचा मतभेद नव्हता. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात लिहिलेली आहे. पण सामुदायिक निर्णय म्हणजे नेमके काय, हे कोठेही लिहिलेले नाही. सहा वर्षांच्या कोवळ्या प्रजासत्ताकात ते संकेतांनीच ठरावयाचे होते. राज्यपुनर्रचनेचे महत्त्वाचे निर्णय काँग्रेसच्या ज्या चौघांच्या समितीत घडत होते, तीत नेहरू, आझाद, पंत आणि काँग्रेसाध्यक्ष ढेबर होते. तिघे मंत्री, परंतु समिती पक्षाची. देशमुख तीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्ञानामुळे मंत्रिमंडळात आलेला माणूस आणि लोकमान्यतेमुळे पक्षाच्या शिखरावर असलेला माणूस यांच्यात निर्णयाचा अधिकार कोणाकडे, असा हा प्रश्न होता. लोकशाहीत त्याचे उत्तर सरळ पहिल्याच्या बाजूने देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. नेहरूंच्या पाठीशी मतपेटी होती.

तरीही देशमुखांच्या भूमिकेला वजन येते ते तिच्या संयमामुळे. भाषेच्या प्रश्नावर भावनेचे आवाहन करणे त्यांना अवघड नव्हते. सारा महाराष्ट्र ते ऐकण्यास आतुर होता. त्यांनी ते केले नाही. मराठी भाषिकांवर अन्याय झाला हे सिद्ध करण्यासाठी अन्यायाची पद्धत दाखविणे पुरेसे आहे, असा त्यांचा विश्वास दिसतो. राज्यकारभाराचे नियम पाळले असते तर मुंबईचा प्रश्न असा हाताळला गेलाच नसता, हे त्यांच्या युक्तिवादाचे न बोललेले गृहीतक आहे. ते बरोबर होते की नाही हे सांगणे कठीण. मंत्रिमंडळात रीतसर चर्चा होऊनही निर्णय तोच झाला असता, अशी शक्यता आहे. मग देशमुखांनी काय केले असते? त्यांच्या निवेदनाच्या तर्कानुसार, पद्धतीविषयीचे तीनही आक्षेप गळून पडले असते आणि फक्त चौथा, महाराष्ट्रीय माणसाचा आक्षेप उरला असता. त्या एकट्या आक्षेपावर ते बाहेर पडले असते काय, हा त्यांच्या चरित्रातील खरा कूटप्रश्न होय.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने तिसराच मार्ग पत्करला. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबरला अस्तित्वात आले. मुंबई केंद्रशासित झाली नाही. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले. देशमुखांनी उभारणी केलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या पैशाच्या मुंध्रा प्रकरणातील गुंतवणुकीवरून त्यांनाही १९५८ मध्ये पायउतार व्हावे लागले.

नेहरूंवर इतकी कठोर टीका करणाऱ्या माणसाला त्याच वर्षी त्याच सरकारने विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद दिले. आज हे अविश्वसनीय वाटेल. १९५६ ते १९६१ या काळात देशमुख तेथे होते, आणि कायद्याने नुकत्याच प्रस्थापित झालेल्या या मंडळाला विद्यापीठांवर हुकमत न गाजवता त्यांना पैसा आणि दर्जा कसा देता येईल याची घडी त्यांच्या वेळी बसली. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीचा इंग्रजीविषयीचा अहवाल मंडळापुढे आला तो याच काळात. उच्च शिक्षणात इंग्रजीकडून भारतीय भाषांकडे जाण्याची घाई करू नये, असा तिचा सल्ला होता. भाषिक राज्याच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा गृहस्थ भाषिक माध्यमाच्या प्रश्नावर सबुरी सांगणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता, यात काहींना विसंगती दिसेल. वस्तुतः ती एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत. लोकांच्या भाषेत कारभार व्हावा हे तत्त्व त्यांना मान्य होते. ते तत्त्व कोणी, कोणत्या क्रमाने आणि किती तयारीनिशी अमलात आणावे याविषयी ते काटेकोर होते.

पुढील पदांची यादी लांब आहे. १९५९ चे मॅगसेसे पारितोषिक, लोदी उद्यानाशेजारी जोसेफ स्टाइन यांनी बांधलेल्या आणि १९६२ मध्ये खुल्या झालेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची स्थापना, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद. सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी स्थायी न्यायाधिकरण असावे, ही मागणी त्यांनी १९५९ मध्येच केली होती आणि नेहरूंनी ती स्वीकारली नव्हती. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर लढविली. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झुंजीत ते तिसरे आले. ही उमेदवारी टाळली असती तर बरे झाले असते असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटत आले आहे.

त्यांच्या लेखनाकडे वळले म्हणजे भाषांची एक स्पष्ट वाटणी नजरेस येते. अर्थकारण, विद्यापीठे आणि स्वतःचे आयुष्य यांविषयी ते इंग्रजीत लिहीत. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे १९७४ मधील आत्मचरित्र त्याच सरळ, मोजक्या इंग्रजीत आहे. गांधीजींची शंभर वचने त्यांनी संस्कृत पद्यात आणली. ती 'गांधी-सूक्ति-मुक्तावलि' या नावाने प्रसिद्ध झाली. स्वतःच्या संस्कृत कविताही त्यांनी ग्रंथरूपाने दिल्या आणि उतारवयात अमरकोशावर काम केले. मराठीतील त्यांचे नाव मुख्यत्वे मेघदूताच्या पद्यानुवादाशी निगडित आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रज, बोरकर आणि शांता शेळके यांच्यापर्यंत मेघदूताने मराठी कवींना सतत मोह घातला. या मालिकेत व्यवसायाने कवी नसलेला हा एक अनुवादक आहे. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांची चार, सहा आणि सात अशी विभागणी सांभाळून कालिदासाचे समास मराठीत उलगडावयाचे, म्हणजे प्रत्येक चरणात जागेची तंगी. ज्याला आकड्यांच्या रकान्यात खर्च बसविण्याची सवय आहे त्याला या तंगीचा जाच वाटण्याऐवजी आनंदच वाटला असेल.

या वाटणीत मराठी ही त्यांच्या राजकीय विचाराची भाषा झाली नाही, हे सत्य मराठी अभ्यासकाला काहीसे बोचते. तथापि त्या पिढीच्या बहुतेक उच्च अधिकाऱ्यांबाबत, मग ते तमिळ असोत की बंगाली, हेच दिसेल. राज्याची भाषा इंग्रजी, घराची भाषा मातृभाषा आणि मनाच्या उंचीची भाषा संस्कृत (अथवा फार्सी) अशी ती व्यवस्था होती. भाषावार राज्यांनी हळूहळू तीच मोडली. देशमुखांचा राजीनामा त्या मोडण्याच्या बाजूने दिलेला होता आणि तो जुन्या व्यवस्थेच्या भाषेत लिहिलेला होता.

त्यांचे घर तर एका भाषेचे कधीच नव्हते. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती; १९४९ मध्ये तिचे निधन झाले. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी संविधान सभेच्या माजी सदस्या आणि नियोजन मंडळातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. आंध्र महिला सभेच्या संस्थापक असलेल्या दुर्गाबाईंची भाषा तेलुगू होती, आणि साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र राज्य झाले. साडेतीन वर्षांच्या आत नवरदेवाने साक्षीदाराच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. अखेरचा काळ दोघांनी हैदराबादेत घालविला. दुर्गाबाईंनी या सहजीवनाची कथा 'चिंतामण अँड आय' या पुस्तकात सांगितली. ते १९८० मध्ये निघाले. १९८१ मध्ये त्या गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, हैदराबादेतच चिंतामणरावांचा अंत झाला.